अडीच मिनिटांचा खेळ आणि नऊ तासांची वाट

लेक चिअरलीडिंग करते असं सांगितलं की फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरते. दोष कुणाचाच नाही. आपल्याकडे चिअरलीडर म्हणजे २००८ साली आयपीएलबरोबर आलेल्या, चौकार-षटकारावर सीमारेषेपाशी नाचणाऱ्या मुली. माझी लेक दहा वर्षांची आहे आणि ती कुणाच्याही चौकारावर नाचत नाही. इथे अमेरिकेत चिअरचा एक वेगळा प्रकार आहे, त्याला ऑल स्टार म्हणतात. त्यात प्रोत्साहन द्यायला समोर दुसरा संघच नसतो. चिअर हाच खेळ. नऊ पट्टे जोडून अंथरलेला, ५४ फूट लांब आणि ४२ फूट रुंद, खाली स्प्रिंगा असलेला फ्लोअर, जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं गाणं, आणि तेवढ्या वेळात कोलांट्या, उड्या, नाच आणि माणसांवर माणसं.

माझी आई जानेवारीत सांगलीहून आमच्याकडे आली. पहिल्यांदा सराव बघायला जिममध्ये बसली आणि पाच मिनिटांत म्हणाली, "अगं, ही तर दहीहंडी!" बरोबरच आहे तिचं. खाली दोघी बेस, मागे बॅकस्पॉट आणि वर फ्लायर. फ्लायर घसरली तर तिचं डोकं आणि खांदे आधी झेलायचे, हे बॅकस्पॉटचं काम. माझी लेक बेस आहे. सगळ्यांच्या नजरा वरच्या मुलीकडे असतात, पण मी खाली बघते. लेकीचे दोन्ही तळवे फ्लायरच्या बुटाखाली असतात, कोपर बरगड्यांशी घट्ट, आणि ओठ आठाची मोजणी पुटपुटत असतात. मूठभर पोर ती, पण पाय हलत नाहीत.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आता जे लिहायचं आहे ते या पोरांच्या मेहनतीचं मोल ठाऊक असल्याशिवाय कळणार नाही. मागच्या महिन्यातल्या एका स्पर्धेबद्दल लिहिते आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. स्पर्धा टेक्सासातच, गाडीने चार तासांवरच्या शहरात होती. ती ज्या पद्धतीने पार पडली त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

आधी पैशांचं. जिमची महिन्याची फी वेगळी, गणवेशाचे पैसे वेगळे, बूट आणि केसांना बांधायचा तो मोठा बो वेगळा, आणि प्रत्येक स्पर्धेची प्रवेश फी त्यावर. शिवाय आपल्याच मुलीला बघायला तिकीट. या वेळी माणशी ३५ डॉलर होतं. मी, नवरा आणि आई मिळून १०५. पार्किंगचे २० निराळे. राहायचं तेही आयोजकांच्या यादीतल्या हॉटेलातच, नाहीतर संघाला भाग घेता येत नाही. या पद्धतीला इथे सगळे 'स्टे टू प्ले' म्हणतात. यादीतल्या हॉटेलात खोलीचं भाडं रात्रीला २१९ डॉलर होतं, आणि रस्त्यापलीकडच्या, तितक्याच चांगल्या हॉटेलात १४०.

हे रडगाणं एकट्या माझं नाही. या धंद्यावर जिची पकड आहे अशा एका मोठ्या कंपनीविरुद्ध इथल्या पालकांनी मेम्फिसच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला होता. स्पर्धा, गणवेश, शिबिरं सगळं एकाच हातात ठेवून आमच्याकडून जास्त पैसे उकळले, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२४ साली ८ कोटी २५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी २०२३ मध्ये दुसऱ्या एका दाव्यात ४ कोटी ३५ लाखांवर. आमच्या स्पर्धेच्या आयोजकांचा त्या खटल्यांशी काही संबंध जोडायचा नाही मला. पण पालक किती वर्षं हे सोसत आले असतील, याचा अंदाज त्या आकड्यांवरून येतो.

पैसे मी एक वेळ सोडून देईन. दुसऱ्याच्या मुलांचा दिवस हातात घ्यायचा असेल तर तो सांभाळता आला पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

वेळापत्रक बुधवारी रात्री आलं. स्पर्धा शनिवारी. त्यात आमचा संघ दुपारी १:४० ला होता. त्या हिशेबाने शनिवारी पहाटे निघता येईल म्हणून बऱ्याच घरांनी शुक्रवारची अर्धी रजा मागितलीच नव्हती. शुक्रवारी सकाळी ११ वाजता नवं वेळापत्रक आलं: आमची वेळ सकाळी १०:२०, आणि मुलींनी तयार होऊन ८:३० ला हजर राहायचं. आमच्या संघातल्या एका मुलीची आई परिचारिका आहे, तिची शुक्रवारची रात्रपाळी होती. ती सकाळी सातला सुटून तशीच चार तास गाडी चालवणार होती काय? शेवटी तिच्या मुलीला आम्ही शुक्रवारीच आमच्या गाडीतून नेलं. माझ्या आईने दोघींना पुढ्यात घेऊन पहाटे पाचला वेण्या घातल्या. या खेळात केस डोक्याला चिकटल्यासारखे बसवावे लागतात. आईने आधी हातात घेतलेली तेलाची बाटली मी बाजूला ठेवली आणि स्प्रेचा डबा दिला.

साडेआठला आम्ही दारात होतो. दहा वाजता कळलं, कार्यक्रम दीड तास मागे आहे. बारा वाजता कळलं, तीन तास. कळलं म्हणजे कुणी येऊन सांगितलं नाही. एका पालकाने कोचला फोन केला, कोचने आतल्या कुणाला तरी विचारलं, आणि ते आमच्यापर्यंत आलं. दारावर बाहेरचं खाणं न्यायला मनाई. आत पिझ्झाचा तुकडा ९ डॉलर आणि त्यासाठी पाऊण तासाची रांग. आईने मुलींसाठी घरून इडल्या करून आणल्या होत्या. त्या गाडीतच होत्या आणि एकदा आत आलं की बाहेर जाऊन परत यायचं तर नव्याने तपासणीची रांग. तरी आई उठलीच. "पोरी उपाश्या उलट्या कोलांट्या मारणार? मी जाते," म्हणाली. आम्ही दोघी गेलो, मुलींना दारापर्यंत आणलं आणि पार्किंगच्या कडेला उभ्या उभ्या आठ-नऊ जणींना इडल्या भरवल्या. गणवेशावरच्या खड्यांना हात लागू नयेत म्हणून सगळ्या वासरांसारख्या माना पुढे करून खात होत्या.

उशीर का झाला, तेही मी बघितलं. माझं रोजचं कामच वेळापत्रकं आखायचं आहे, त्यामुळे तो कागद हातात आल्यावर राहवेना. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत संघामागून संघ लावलेले, मध्ये दहा मिनिटांचीही फट नाही. एखादं पोर पडलं, फ्लोअरचा पट्टा सुटला, एक संघ उशिरा आला, तर तो उशीर भरून काढायला जागाच नाही. तो दिवसभर पुढच्यांच्या माथी येत राहणार. हे न कळण्यासारखं नाही. जास्त संघ घेतले की जास्त प्रवेश फी आणि जास्त तिकिटं. फट ठेवायची तर पाच-सहा संघांना नाही म्हणावं लागलं असतं. ते म्हटलं नाही, आणि त्याची किंमत मुलींनी दिली.

ती किंमत वॉर्मअपमध्ये दिसली. नेहमी आत घेण्यापूर्वी मुलींना तीन ठिकाणी थोडा थोडा वेळ मिळतो: एका मॅटवर स्टंट म्हणजे एकमेकींना उचलणं, दुसऱ्यावर टम्बलिंग म्हणजे कोलांट्या, मग पूर्ण फ्लोअरवर एक फेरी. त्या दिवशी वेळ वाचवायचा म्हणून पूर्ण फ्लोअरची फेरी काढून टाकली. नऊ तास ताटकळलेल्या, थंडगार हॉलमध्ये आखडलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींची. आपल्याकडे दहीहंडीत लहान मुलांना चढवण्यावरून न्यायालयात किती वाद झाले. २०१७ साली सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला १४ वर्षांखालच्या मुलांना सहभागी होऊ देणार नाही अशी हमी दिली. इथे त्याहून लहान मुलं वर जातात, कारण कौशल्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक पायरीवर काय करायचं आणि काय नाही याचे काटेकोर नियम आहेत, खाली मऊ फ्लोअर आहे, प्रशिक्षित कोच आहे. म्हणून तर मी लेकीला जाऊ देते. पण त्या व्यवस्थेचा पहिला भाग अंग गरम करणं हाच आहे ना?

संध्याकाळी साडेपाचला आमचा संघ फ्लोअरवर आला. अठरा मुली. सुरुवात सुरेख झाली, टम्बलिंगला एकीचाही पाय चुकला नाही. पिरॅमिड उभा राहत होता, आणि गाणं बंद पडलं.

मुलींना शिकवलेलं असतं की काहीही झालं तरी थांबायचं नाही. त्या थांबल्या नाहीत. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त बुटांचे आवाज. मग आमच्या रांगेतल्या एका बापाने मोठ्याने मोजायला सुरुवात केली, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!" आम्ही सगळे मोजू लागलो. आईने चाळीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींचं लेझीम बसवलेलं. ती उभी राहून टाळ्यांचा ठेका धरू लागली, अगदी पक्का, लयीत. दुसऱ्या संघांचे पालकही उठले. ज्यांच्या मुली आमच्या मुलींविरुद्ध उतरणार होत्या ते लोक घसा ताणून आकडे मोजत होते. पिरॅमिड उभा राहिला. माझी लेक तळाशी, मान ताठ, डोळे समोर. त्या दिवशी मला खूप गोष्टींचा राग आला, पण ती वीस-पंचवीस सेकंदं मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

मग एका अधिकाऱ्याने हात वर करून मुलींना थांबवलं.

नियम असा आहे: आयोजकांच्या यंत्रणेमुळे अडथळा आला तर संघाने सगळं रूटीन पहिल्यापासून पुन्हा करायचं, पण गुण द्यायचे ते जिथे अडथळा आला तिथून पुढचेच. कागदावर हा न्यायच आहे. प्रत्यक्षात काय होतं? आधीच्या टम्बलिंगचे गुण ठरलेले, तरीही ते पुन्हा पूर्ण ताकदीने करायचं, आणि दमलेल्या हातांनी पिरॅमिडपर्यंत पोचायचं. म्हणून मधे पुरेशी विश्रांती हवी. आमच्या मुलींना सहा मिनिटं मिळाली. कोचने जास्त वेळ मागितला. "कार्यक्रम आधीच मागे आहे," असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या वेळी पिरॅमिड उभा राहिला, पण त्यानंतरच्या स्टंटमध्ये लेकीच्या गटाची फ्लायर घसरली. बॅकस्पॉटने तिला झेललं, लागलं कुणाला नाही. गुण मात्र कापले गेले. सहा संघांत आमचा चौथा आला. बक्षीस समारंभ संपायला रात्रीचे साडेनऊ झाले. लेक गाडीत बसली आणि म्हणाली, "माझा हात थरथरत होता, मम्मा. मी सांगायला पाहिजे होतं का?"

यावर काय सांगायचं एका मुलीला?

निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पहिले आलेल्या मुली खरोखर आमच्यापेक्षा सरस होत्या. पण गाणं कुणाच्या चुकीने बंद पडलं, सहा मिनिटं कुणी ठरवली, पहिल्या फेरीचे कोणते गुण धरले, हे विचारायला तिथे एकही माणूस नव्हता. गुणांबद्दल पालकांनी परीक्षकांशी बोलायचं नाही, फक्त कोचने विचारायचं, हा नियम मला मान्य आहे. नाहीतर रोज भांडणं होतील. पण व्यवस्थेबद्दल बोलायलाही कुणी नसावं? टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं होती सगळीकडे, बिचारी दमलेली. त्यांच्यावर ओरडणाऱ्या पालकांना आमच्यातल्याच काहींनी आवरलं, ते बरंच केलं. एकाने मला ई-मेलचा पत्ता लिहिलेलं कार्ड दिलं.

त्या पत्त्यावर आम्ही पत्र पाठवलं. तीन रात्री जागून नीट लिहिलं, तक्रारीचा सूर शक्य तितका खाली ठेवून. तीन मागण्या केल्या: वेळापत्रक किमान दहा दिवस आधी द्या आणि त्यात दर दोन तासांनी रिकामी वेळ ठेवा, कितीही उशीर झाला तरी वॉर्मअप कापू नका, आणि स्पर्धेच्या दिवशी पालकांना भेटेल असा एक जबाबदार माणूस ठेवा, त्याचं नाव दारावर लावा. अठरापैकी चौदा घरांनी सह्या केल्या. उरलेल्या चार जणांचं म्हणणं मी समजू शकते. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धांना जायचं आहे, जिमचं नाव खराब होईल, आपल्या पोरीवर राग निघेल, ही भीती खोटी आहे असं मी तरी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रात्रपाळीवाल्या आईने सगळ्यात आधी सही केली.

पत्राला आज तेवीस दिवस झाले. 'मिळालं' एवढीच पोच आली आहे.

आई परवा सांगलीला परत गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी सरावाला आली होती. आता कोच शेवटची फेरी गाण्याशिवाय घेतात, नुसत्या मोजणीवर. आईने तिथेही टाळ्यांचा ठेका धरला, आणि कोचने तिला अडवलं नाही.

त्याच आयोजकांची दुसरी स्पर्धा एप्रिलमध्ये आहे. त्याची फी या शुक्रवारपर्यंत भरायची होती. लेकीला विचारलं, ती म्हणाली, जायचंय. भरली.