आजीचं मत

मंगळवार, रात्री साडेअकरा

ओटा आवरून पाच मिनिटं फोन घेऊन बसले आणि तासभर उठलेच नाही. कुणीतरी 2008-09च्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेची क्लिप पाठवली होती. जेमतेम माइकला पुरणारी मुग्धा, सूत्रसंचालिका पल्लवी जोशींचं 'लिटिल मॉनिटर', समोर परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत.

तेव्हा मी दहावीत. घरात सरळ तट पडलेले. आजी कार्तिकीची: आळंदीची पोर, वडिलांकडेच शिकलेली, आणखी काय हवं? दादा रोहितचा, कारण आमचं आजोळ लातूर. मी आर्याची, अगदी हट्टाने. प्रथमेश सगळ्यांचाच लाडका, म्हणून त्याच्यासाठी भांडायला कुणीच नाही. बाबा म्हणायचे, "पोरं गातायत, नीट ऐका तरी." ऐकतंय कोण! परीक्षक गुण सुरांत द्यायचे, म्हणून गाणं संपायच्या आत आमचं 'नि' की 'वरचा सा' सुरू. सूर कळत होते अशातला भाग नाही.

आता क्लिपमध्ये दिसलं ते वेगळंच. गाणं संपल्यावर गुण मिळेपर्यंतचे ते चेहरे. शाळकरी मुलं ती! ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी असलेली. आणि आम्ही सोफ्यावर बसून निकाल लावत होतो.

महाअंतिम फेरी फेब्रुवारी 2009 मधली, माझी बोर्डाची परीक्षा महिन्यावर. मत मेसेजनं द्यायचं, आणि आजीला मेसेज करता यायचा नाही. तिनं आईचा फोन माझ्या हातात दिला, "कार्तिकीला टाक गं एक." मी टाकला. आर्याला. मग लागोपाठ आणखी टाकले, बॅलन्स संपेपर्यंत. आईला दुसऱ्या दिवशी मामाला फोन लावता येईना तेव्हा जो दंगा झाला तो वेगळाच.

कार्तिकी जिंकली. आजीनं हातावर साखर ठेवली नि म्हणाली, "बघ, माझं मत कामी आलं." मी गप्प. कार्तिकीचं 'घागर घेऊन' लागलं की दर वेळी ती हेच सांगायची, आल्यागेल्यालाही. 2021मध्ये ही पाचही जणं त्याच कार्यक्रमात ज्युरीच्या खुर्चीत बसली, ते बघायला ती राहिली नाही. 2023मध्ये मुग्धा-प्रथमेशनं 'आमचं ठरलंय' म्हटलं तेव्हा आईनं मला ऑफिसात फोन करून सांगितलं, जसं काही चुलतबहिणीचंच जमलंय. आजी असती तर आहेर काढायला बसली असती.

आज काय वाटलं कुणास ठाऊक, दादाला मेसेज करून सगळं कबूल केलं. सोळा वर्षं उलटून गेल्यावर!

त्याचं उत्तर लगेच आलं: "मलाही सांगितलेलं तिनं. मी दोन्ही रोहितला टाकले."

म्हणजे आमच्या घरातून कार्तिकीला एकही मत गेलं नव्हतं.