मयताशी नातं

आज बुधवार. उद्या सकाळी काका आत्याच्या शोकाच्या सात दिवसांवरून उठेल, तिकडे इस्राएलला, अश्दोदला. मी उठणार नाही, कारण मी बसलेच नव्हते. गेले सहा दिवस हेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहून काढते.

त्या ब्लेडबद्दल कुणाशीच बोलले नाहीये. शुक्रवारी कबरस्तानात पाऊस नुसता कोसळत होता आणि सगळ्यांना घाई, सूर्यास्ताला शब्बाथ, आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत माती द्यायची होती. आत्या गेली गुरुवारी रात्री अकराला, पण हॉस्पिटलमधून कागद हातात पडायला दुसऱ्या दिवशीचे साडेबारा वाजले. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं धर्म काय, मी म्हटलं ज्यू, त्यांनी यादी वर-खाली केली आणि 'इतर' टाकलं. २०१६ ला राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक म्हणून जाहीर केलं तेव्हा आत्याने पेढे वाटले होते, त्या यादीत मात्र आम्ही अजून इतरच. मग दहन का दफन, आणि मग तो रकाना, मयताशी नातं. लिहिलं, भाची. तेव्हा काहीच वाटलं नाही.

तर कबरस्तानात. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानसाहेबांनी सग्यांचा कपडा चिरायला खिशातून नवीन ब्लेड काढलं, कागदातलं, कागद अर्धा भिजलेला. म्हणाले, "सगे कोण आहेत? पुढे या." मी पुढे गेले. "मुलगी?" "नाही, भाची." त्यांनी मागे बघितलं. "मुलगा, भाऊ, बहीण, कोणी?" मागून कोणीतरी म्हणालं भाऊ इस्राएलला असतो. मग त्यांनी ते ब्लेड परत कागदात गुंडाळलं, अगदी व्यवस्थित, चारी बाजूंनी, आणि खिशात ठेवलं. मला हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला लागू नाही, बेटा."

वाईट बोलले नाहीत ते. नियम मलाही माहीत होता, म्हणजे पुस्तकात वाचला होता. आई, वडील, नवरा-बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. एवढ्यांसाठीच कपडा फाडायचा, एवढ्यांसाठीच सात दिवस जमिनीलगत बसायचं. पप्पांच्या वेळी माझा कुर्ता फाडला होता, डावीकडे, छातीवर, आणि ती चीर मी बोटाने पुढे फाडली होती तेव्हा आत्याच माझा खांदा धरून उभी होती. तिचा स्वतःचा ब्लाउजही फाटलेला, भाऊच होता ना तिचा. आणि आता तिच्यासाठी माझा ड्रेस अख्खाच्या अख्खा. घरी येऊन दोरीवर वाळत घातला, नुसता भिजलेला, आणि त्याच्याकडे बघून जे रडू आलं ते कबरीवर पण आलं नव्हतं.

आई गेल्यानंतर मला वाढवलं कोणी हे कोणाला सांगायची गरज नाही. पण कायद्यात ते कुठेच बसत नाही.

सोमवारी ऑफिसला गेले. म्हणजे जावंच लागलं, एचआरच्या पॉलिसीत दुःखाची रजा आहे आणि तिथे अक्षरशः तीच यादी आहे, आई, वडील, जोडीदार, मुलं, भावंडं. तोराह, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, आणि आमचं एचआर दोघांचं एकमत झालेलं पहिल्यांदा बघितलं आणि इतका राग आला की लॅपटॉप उघडून नुसती बसले. बाजूच्या टेबलवरची म्हणाली, अगं आत्याच ना, सिक होती ना बरेच दिवस. हो, आत्याच.

बँकेत वेगळंच. तिच्या जुन्या खात्यावर नॉमिनी कोण, तर आजी! आजीला जाऊन किती वर्षं झाली. तिने कधी बदललंच नाही. खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकूंनी समजावलं की १९५६ चा वारसा कायदा हिंदूंचा, तुम्हाला तो नाही, तुम्हाला १९२५ चा इंडियन सक्सेशन ॲक्ट. मृत्युपत्र नाही, नवरा-मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, तर भावंडांत सारखी वाटणी आणि जो भाऊ आधी गेला त्याचा वाटा त्याच्या मुलांना. म्हणजे अर्धं काकाचं, अर्धं पप्पांचं म्हणून माझं. काकू म्हणाल्या, तू वारस आहेस, कायदेशीर. मी घरी येईपर्यंत ते घोळवत होते. पैशाला मी वारस आहे. रडायला नाही.

हे लिहिलं आणि लगेच वाटतंय की असं लिहू नये. नियम कोणी माझ्यावर राग म्हणून केलेला नाही. कुठेतरी रेघ मारावी लागते, नाहीतर माणसं वर्षभर बसूनच राहतील. आधीच इथे कद्दीशला, मयतासाठीच्या प्रार्थनेला, दहा पुरुष गोळा करायचे म्हणजे रात्री फोन करत बसायचं, कोण कल्याणहून येईल, कोणाचा गुडघा बरा आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात मिळून आम्ही साडेचार हजारांच्या आसपास. पप्पांच्या लहानपणी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनास्थळात, सणाला उभं राहायला जागा नसायची म्हणतात. आजी तर सिनेगॉग म्हणायचीच नाही, मशीद म्हणायची, जुन्या लोकांसारखं. कद्दीशचं काय होणार पुढे ते मला आज लिहायचं नाहीये.

एक गोष्ट मात्र मी केली, आणि ती कुठल्या यादीत नव्हती. गुरुवारी रात्री कफन शिवायला बायका जमल्या तेव्हा मीही बसले. मांजरपाट, पांढरं, कोरं, हातशिलाई, लांब लांब टाके. सुईत दोरा ओवला आणि सवयीने शेवटी गाठ मारली तर म्हाताऱ्या मावशींनी माझ्या हातातून सुई घेतली, गाठ दाताने तोडली आणि म्हणाल्या, "गाठ नाही मारायची गं. सुटायला हवं ना तिला." मग मी बिनगाठीचे टाके घातले. ते सारखे निसटत होते, पहिला टाका अंगठ्याने दाबून धरायचा आणि पुढचा घालायचा. एक बाही पूर्ण माझी आहे. शुक्रवारी आंघोळ घालतानाही पाणी मीच ओतलं, कोणी विचारलं नाही की तू कोण. बायकांनी तांब्या हातात दिला आणि सरकून जागा केली.

हे मला इतके दिवस आठवत नव्हतं, फक्त ब्लेड आठवत होतं.

काल संध्याकाळी हज्जानसाहेब घरी आले. प्रार्थना होऊ शकली नाही नीट, सातच पुरुष. चहा घेताना मी विचारलंच, आवाज जरा चढलाच असेल, की मी बसले असते तर पाप झालं असतं का. कप खाली ठेवून म्हणाले, "पाप कसलं? ज्याच्यावर बंधन नाही त्याला आपण सांगत नाही. पण कोणाला स्वतःहून शोक पाळायचा असेल तर शास्त्र अडवत नाही." मग शुक्रवारीच का नाही सांगितलंत, मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत बराच वेळ. म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, आणि माझं लक्ष सूर्याकडे होतं." बरोबर होतं त्यांचं. कबरीत माती पडायची होती. रात्रभर रागावून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

काका रोज फोन करतो, व्हिडिओ कॉल. तिकडे अडीच तास मागे. बुटक्या स्टुलावर बसलेला असतो, दाढी वाढलेली, शर्टाची उजवी बाजू फाटलेली, त्याची ती पट्टी बोलताना हलते. पहिले दोन दिवस मला ती पट्टी बघवत नव्हती, खरंच सांगते. वीस वर्षांत तो दोनदा आला. तिला कुठल्या पायाला सूज यायची ते त्याला माहीत नाही, आणि शर्ट त्याचा फाटला.

आजही फोन आला. तिकडे लोक भेटायला येतात, विचारतात बहीण कशी होती, आणि तो म्हणाला मला लहानपणचंच सांगता येतं, नवगावची सहल, आजीचा मार, पुढचं तू सांग. मग तो विचारत गेला. मलिद्याला पोहे ती जाड घ्यायची का पातळ. चीकाचा हलवा करताना नारळाचं दूध अजून हातानेच काढायची का. सुई कशी ओवायची, डोळे गेल्यावर. शेवटी काय म्हणाली. मी सांगितलं, शेवटी मला विचारलं, गॅलरीतले कपडे काढलेस का, पाऊस येईल. तो हसला आणि मग तोंडावर हात धरून बसला.

फोन टेकवायला काही मिळेना म्हणून दिव्याच्या पाटाला टेकवला होता. ग्लासात पाणी, वर खोबरेल, वात तरंगतेय, सात दिवस विझू द्यायचा नाही म्हणून मीच रात्री दोनदा उठून तेल घालते. पाट खाली आहे त्यामुळे मीही खालीच बसलेले, भिंतीला टेकून, पाय पसरून. रोजच तशी बसते, शुक्रवारपासून. काकाने डोळे पुसले आणि म्हणाला, "मांजरपाट कुठून आणलं होतं गं?" मी दुकान सांगितलं. बाहीचंही सांगितलं. "कुठली बाही?"

डावी, मी म्हटलं.