आमची वाटचाल : श्वासाकडून लाळेकडे

आमच्या व्यवसायाची सुरुवात चाकण परिसरातील वाहतूकदारांना दारू तपासणीची श्वासयंत्रे पुरवण्यापासून आणि त्यांचे कॅलिब्रेशन (यंत्राची अचूकता तपासून जुळवणे) करून देण्यापासून झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी नेमकी मर्यादा आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढेच कायदा म्हणतो. श्वासयंत्र शून्य दाखवत असताना डोळे तारवटलेला चालक समोर उभा करून एका यार्डाच्या सुपरवायझरने मला विचारले, "साहेब, याला काय लावायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

लघवीची तपासणी स्वस्त होती, परंतु नेहमी गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश कित्येक दिवस, कधी कधी आठवडेही सापडत असल्याने माणूस आज कामावर येताना नशेत होता की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय स्वच्छतागृहाच्या दाराशी पहारा ठेवण्याचे काम आम्हाला नकोच होते. लाळेचे तसे नाही. गांजा ओढताना त्यातील टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, तोंडाच्या अस्तरावरच बसते आणि बहुधा काही तास ते एखादा दिवस तेथे सापडते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ पासून रस्त्यावर चालकांची लाळ तपासायला सुरुवात केली होती, हे वाचूनच आम्ही या कामात उतरलो.

प्रत्यक्षात अडचण आली ती माव्याची. तोंडात तोबरा असलेल्या चालकाला आधी चूळ भरायला लावून दहा मिनिटे काही न खाता-पिता बसवावे लागते, मगच जिभेखाली दांडीच्या टोकाचा लाळ शोषणारा पॅड ठेवता येतो आणि पुरेशी लाळ शोषली गेली, की दांडीवरची खूण निळी होते. गांजाने तोंड कोरडे पडते, त्यामुळे ज्याची तपासणी खरोखर हवी असते, त्याच्याच बाबतीत ही खूण निळी व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

कोविडनंतर आमच्या हातून एक मोठी चूक घडली. घरोघरी झालेल्या कोविड चाचण्यांमुळे दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह हे लोकांच्या डोक्यात पक्के बसले होते, आणि लाळ तपासण्याच्या आमच्या पट्टीत नेमके उलटे असते : एक रेघ पट्टी नीट चालल्याची असते आणि दुसरी पदार्थाची; ही पदार्थाची रेघ उमटली, अगदी फिकट उमटली, तरी तो पदार्थ ठरलेल्या मर्यादेपर्यंत आढळलेला नाही. एका ग्राहकाच्या यार्डात दोन स्पष्ट रेघा पाहून एका वयस्कर चालकाला कामावरून परत पाठवण्यात आले. माहितीपत्रक आम्ही इंग्रजीतच दिले होते, म्हणून त्यांचा बुडालेला रोज आम्ही भरून दिला आणि मराठी-हिंदीतील चित्रांचे कार्ड छापल्याशिवाय एकही पेटी बाहेर पाठवली नाही.

त्यानंतर पट्टीवर पदार्थाची रेघ न उमटल्यास आम्ही केवळ "संशयित" असे लिहितो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध घेतलेला माणूसही अफूजन्य पदार्थांच्या रकान्यात अडकू शकतो, म्हणून दुसरा नमुना चालकासमोर सील करून, त्याची सही घेऊन, मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे पदार्थ नेमका ओळखणाऱ्या तपासणीसाठी, प्रयोगशाळेत जातो. टीएचसी प्लास्टिकला चिकटते, त्यामुळे तो साध्या डबीत नव्हे, बफर (नमुना टिकवणारे द्रावण) असलेल्या नळीतच भरावा लागतो. अहवालाला वेळ लागतो म्हणून काही ग्राहक आम्हाला सोडून गेले. त्यांची घाई मला समजते, पण पटत नाही.

त्या यार्डात तपासणी असली, की ते चालककाका आजही पट्टी स्वतःच्या हातात घेऊन उजेडाकडे धरतात आणि दोन्ही रेघा मोजल्यावरच ती आमच्याकडे देतात.