झोपलेले पट्टकदंब

"मामा, हे उडत का नाहीयेत?"

होडीत बसून दहा मिनिटंही झाली नव्हती. समोर गाळाच्या पट्ट्यावर साठ-सत्तर पट्टकदंब, म्हणजे थंडीत हिमालयापलीकडून येणारे रानहंस (बार-हेडेड गूज), होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी मान पाठीवर वळवून चोच पिसांत खुपसली होती. पहाटे चारला पुणं सोडून, सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत, भिगवणच्या पुढे कुंभारगावला आम्ही पोचलो ते यांची झोप बघायला!

भाच्याची चूक नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत मीच त्याला 'विंग्ड मायग्रेशन' दाखवला होता, जाक पेरां यांचा २००१ चा माहितीपट. त्यात कॅमेरा पक्ष्यांच्या पंखाला पंख लावून उडतो. पिसांतून वारा सुटल्याचा आवाज येतो, खाली देशच्या देश सरकत जातात. तोवर माझ्या लेखी थंडीतला प्रत्येक पक्षी 'सैबेरियाहून आलेला' होता. तो कसा येतो, वाटेत कुठे टेकतो, याचा विचार कधी केला नव्हता. वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' छापून यायचं, आपण फोटो बघून पान उलटायचं. त्या रात्री मात्र झोप लागेना. दोन-अडीच किलोचा जीव हिमालय ओलांडतो म्हणजे नेमकं काय करतो?

मग शोधत बसलो, आणि आधी माहितीपटाचंच गुपित कळलं. त्यातले बरेच पक्षी अंड्यातून बाहेर पडल्यापासून माणसांनी वाढवलेले होते. माणसाचा आवाज आणि छोट्या विमानाचं इंजिन यांची त्यांना पिल्लू असल्यापासून सवय लावली होती, म्हणून ते कॅमेऱ्याशेजारी निवांत उडत होते. थोडं फसल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण खरी हकीकत त्याहून भारी निघाली. पट्टकदंबांच्या अंगात यंत्रं बसवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ढगांच्या वर सरळ रेषेत जाणारा पक्षी आपल्या डोळ्यांसमोर असतो, तसं हे करतच नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की दरीत उतरतात, पुन्हा चढतात. आपली एसटी घाटातून जाते तसं. वरच्या विरळ हवेत टिकून राहायला इतकी ताकद लागते की मिळवलेली उंची सोडून पुन्हा चढणंच परवडतं. एका पक्ष्याची ७,२९० मीटरची नोंद आहे, पण बहुतेक प्रवास ६,००० मीटरच्या खालीच होतो. उडतातही बरेचदा रात्री किंवा पहाटे, कारण गार हवा दाट असते आणि पंखांना धरायला बरी पडते. शिवाय त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजनही घट्ट पकडतं.

हे सगळं मी होडीत भाच्याला रंगवून सांगत होतो. वल्हं मारणारे दादा ऐकत होते. म्हणाले, "दिवसा झोपत्यातच ती. रात्री हरभऱ्यात उतरत्यात. सकाळी शेत बघा, कापल्यावानी."

दादांचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. धरण १९८० चं. वडील शेती करायचे, हे मासे धरतात आणि थंडीत आमच्यासारख्यांना फिरवतात. पक्ष्यांमुळे घरात चार पैसे येतात आणि चुलतभावाचा हरभराही जातो, दोन्ही त्यांनी एकाच सुरात सांगितलं.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) फारसे नव्हते. "पानी उतरलं न्हाई अजून. फेब्रुवारी-मार्चात या." धरण काठोकाठ असलं की उथळ गाळ उघडा पडत नाही, मग ते कुठे उभे राहणार? हे लांबटांगे बरेचसे कच्छकडचे, सैबेरियाशी त्यांचा संबंध नाही. चक्रवाकाच्या जोड्या, शेकाटे, थापट्या बदकं मात्र भरपूर दिसली. एक धोबी शेपूट हलवत होडीच्या टोकावर येऊन बसला आणि भाच्याने पट्टकदंबांना तेवढ्यापुरतं माफ केलं.

पट्टकदंबांची वीण तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तानात होते. मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले काही जण कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसलेत. नोव्हेंबर ते मार्च धरले तर वर्षातले पाच महिने त्यांचे इकडेच जातात. पाच महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत आपल्याकडे. त्याला भाडं मागतात.

दुपारी चिलापीचा रस्सा आणि भाकरी. तिखट जबरदस्त, भाच्याच्या डोळ्यांतून पाणी. खरं तर जेवून निघायचं होतं, पण दादांनी थांबवलं. "सांजच्याला बघा."

दिवस मावळला तशा एकेक माना वर आल्या. डोक्यावरचे दोन काळे पट्टे आता ठळक दिसत होते. आधी चार-पाच जणांनी नाकातून काढावी तशी हाक दिली, मग सगळा पट्टा कलकलू लागला. एका क्षणी सगळे उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले, इतके खाली की पिसांतला वारा ऐकू आला. भाचा माझा दंड घट्ट धरून उभा होता.

"चालली जेवायला," दादा म्हणाले.

पलीकडच्या काठावर अंधारात बॅटरी फिरू लागली, आणि कुणीतरी जोरजोरात पत्र्याचा डबा बडवायला लागलं.