तुम्ही विचारलंत म्हणून: आग विझवणाऱ्याला आग फेकायच्या यंत्राचा नाद कसा?

रंकाळ्यावर फिरताना, मिसळ खाताना, परवा तर एका मयतीलाही. "काय ओ साहेब, तीस वर्षं आगी विझवल्या आणि आता ह्या आग ओकणाऱ्या बंदुकांचं काय वाचत बसता?" एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे, ती बंदूक नव्हे. पाठीवर टाकी, दाबाखालचा वायू, होज, नोझल आणि तोंडाशी ठिणगी. ठिणगी सोडली तर बाकीचं सामान माझ्या ओळखीचं. सातव्या शतकात बायझंटाईन गलबतं नळीतून पेटतं द्रव फेकत होती, पण आजचं यंत्र बर्लिनच्या रिचर्ड फिडलरचं. 1901 च्या सुमाराला त्यानं ते जर्मन लष्करापुढं ठेवलं. आणि पहिल्या महायुद्धात ह्या यंत्रांच्या तुकडीचा प्रमुख कोण? बर्नहार्ड रेडेमान, लाइपझिगच्या अग्निशमन दलाचा अधिकारी! त्याच्या हाताखालचे बरेच जण मुळात बंबवालेच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते सांगतो.

मी तेव्हा सत्तावीसचा. कोल्हापुरात नव्हे, दुसरीकडं नोकरीला. एका कारखान्यातून वर्दी आली: लाल लोखंड बुडवून कडक करतात ती तेलाची टाकी पेटली होती. फोमचा ड्रम निम्म्यातच संपला. दुसरा यायला वेळ होता. वरिष्ठ म्हणाले, "थांब, आजूबाजूचं गार ठेव फक्त." मी थांबलो नाही. पाण्याचा जेट थेट टाकीत मारला.

मला शिकवलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पाणी तेलाखाली जातं, तिथं त्याची वाफ होते, वाफेला सतराशेपट जागा लागते, आणि ती वरचं पेटतं तेल घेऊन उसळते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. टाकीच्या पलीकडं एक कामगार वाकून वॉल्व्ह बंद करत होता. तेल उसळलं ते त्याच्या अंगावर. पोटऱ्यांपासून वर मांडीपर्यंत. तो ओरडला नाही लगेच. आधी खाली बघितलं त्यानं, चिखल उडाल्यावर माणूस बघतो तसं.

अहवालात आलं, "टाकीतील तेल उतू गेले." दूध उतू जावं तसं. मला कुणी बोल लावला नाही. वरिष्ठांनी त्यानंतर वर्षभर माझ्याशी चहा घेतला नाही, तेवढंच.

म्हणून हा नाद. की म्हणून नव्हे? आधी मी सगळ्यांना सांगायचो, 'ह्यात शास्त्र आहे हो, दाब, वारा, पल्ला.' खोटं नव्हतं ते. नुसतं पातळ पेट्रोल हवेतच जळून जातं, लांब पोचत नाही. 1942 मध्ये हार्वर्डच्या लुई फीझरच्या चमूनं ते दाट करायची पूड काढली, नेपाम. मग धार लांब गेली आणि जिथं पडली तिथं चिकटली. पण खरं सांगू? भरल्या दाबाचा जेट हातात धक्का देतो तेव्हा बरं वाटतं. त्या दिवशीही, पहिले दोन सेकंद, वाटलं होतं.

युद्धात ह्याचा उपयोग किती, असंही विचारता. जळून मेले त्याहून घाबरून पळाले जास्त. 30 जुलै 1915 ला बेल्जियममधल्या हूग इथं जर्मनांच्या अशा सहा यंत्रांनी पहाटे इंग्रजांच्या खंदकांत घबराट उडवली. खंदक सोडून उघड्यावर आलेले गोळ्यांनी मेले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर जपानी शिपाई गुहांत आणि काँक्रीटच्या बुरुजांत होते, तिथं गोळी वळत नाही, ज्वाळा वळते. चालवणाऱ्याच्या पाठीवर तीसेक किलो ओझं, आणि सगळी टाकी दहा सेकंदांच्या आत रिकामी. शत्रू आधी त्यालाच टिपायचा. अमेरिकेनं 1978 मध्ये हे यंत्र बाजूला ठेवलं. 1980 च्या आंतरराष्ट्रीय करारानं आगीच्या हत्यारांवर नागरिकांच्या बाबतीत बंधनं आणली. सैनिकावर वापरायला त्यात सरळ मनाई नाही. ह्यावर माझा पुतण्या (शिरोलीला फौंड्रीत असतो, रोज वितळलेल्या लोखंडाशेजारी) म्हणाला, "म्हणजे काका, सैनिकाला कातडं नसतं काय?" मला उत्तर सुचलं नाही.

रेडेमानचा मला राग येतो. मग वाटतं, त्यानं निदान समजून केलं. मी विचार न करता केलं, म्हणजे कमी केलं काय? कधी हो, कधी नाही.

त्या कामगारानं पुढं मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. माझा पत्ता कुणाकडनं मिळवला कोण जाणे. मी गेलो नाही. मनिऑर्डरीनं आहेर पाठवला. पोच आली, त्यावर सही त्याचीच होती.