अंगठीवरचे दोन दोरे

सकाळच्या राउंडला मावशींनी माझ्या हातात एक अंगठी ठेवली. सात नंबरच्या आजींची. चादर बदलताना त्या आठवड्यात तिसऱ्यांदा सापडली होती. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता. खाली पांढरा, मळून पिवळा पडलेला आणि त्यावर काळा, नवा. आधी पांढरा पुरला असणार, मग तोही कमी पडला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वृद्धांच्या निवासी सेवाकेंद्रात काम करते. सात नंबरच्या आजी ८१ वर्षांच्या. त्यांच्याबद्दल आमच्या मीटिंगमध्ये कधी चर्चाच व्हायची नाही, कारण त्यांचा कुणाला त्रास नव्हता. रात्री फिरणारे, ओरडणारे, पाठीला जखमा झालेले, सगळा वेळ त्यांच्यात जातो. शांत माणूस मागे पडतो.

अंगठी खिशात ठेवून मी वजनाचं रजिस्टर काढलं. वजन दर महिन्याला नेमाने घेतलं जातं. एका पानावर एक महिना आणि चाळीस नावं. त्यामुळे प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबर दिसतं. एकाच माणसाचे आकडे एकाखाली एक कुणी मांडलेच नव्हते, मीही नाही. मी बारा पानं उलटून ते कागदावर उतरवले. वर्षापूर्वी ५१.४ किलो, आता ४६.८. कुठल्याच महिन्यात किलोभरही घट नाही, आणि वर्षात मात्र नऊ टक्के वजन गेलेलं.

वृद्धांच्या वैद्यकशास्त्रात याला फ्रेल्टी म्हणतात. शरीराची राखीव ताकद संपत येणं. दुसरा माणूस चार दिवसांत ज्या लघवीच्या संसर्गातून उठतो, त्याच संसर्गाने असा माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षात पाच टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन खुणा भरल्या की माणूस फ्रेल. एक-दोन असतील तर तो त्या वाटेवर आहे, आणि तिथून मागे फिरवणं सगळ्यात सोपं असतं.

मी आजींच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून दाबलं. ११ किलो. युरोपीय निकषांत स्त्रियांसाठी १६ च्या खाली कमजोर धरतात. चार मीटर चालायला नऊ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटरही नाही. मग म्हटलं, "आजी, हात छातीशी धरा आणि खुर्चीतून उठा." त्यांनी पाय मागे ओढले, पुढे वाकल्या. हात आपोआप खुर्चीच्या दांड्यांकडे गेले. मी मान हलवली.

"हात लावू नको म्हणतेस, मग उठू कशी गं?"

"रोज सगळं ओढून नेल्यासारखं वाटतं का?"

"रोजच. पण सांगून काय करायचं? वय झालं."

या दोन शब्दांचा मला राग येतो. घरचे म्हणतात, डॉक्टर म्हणतात, शेवटी माणूस स्वतःही म्हणायला लागतो, आणि मग पुढे कुणी काही शोधत नाही. आमच्याकडचे वरच्या मजल्यावरचे आजोबा ८९ वर्षांचे आहेत, जिना चढून जातात.

म्हणून शोधायला बसले. ड्रॉवरमध्ये कवळी सापडली, डबीत कोरडी पडलेली. "सैल झालीय, बोलताना निसटते." वजन उतरलं, हिरड्या आकसल्या, कवळी बसेना, आणि जे न चावता गिळता येईल तेवढंच पोटात जाऊ लागलं. गोळ्यांचा तक्ता पाहिला तर नऊ औषधं. त्यातलं लघवीच्या घाईवरचं औषध तोंड कोरडं करतं, आणि कोरड्या तोंडात कवळी आणखीच टिकत नाही. झोपेची गोळी वर्षापूर्वी इस्पितळात असताना काही दिवसांसाठी दिलेली, ती तशीच चालू. सकाळी दहापर्यंत ग्लानी, त्यामुळे नाश्ता परत. वृद्धांना देताना जपून वापरायच्या औषधांची बिअर्स यादी १९९१ मध्ये पहिल्यांदा झाली, तीच मुळी नर्सिंग होममधल्या, म्हणजे आमच्यासारख्या वृद्धांच्या सेवाकेंद्रातल्या रहिवाशांसाठी.

आणि व्हीलचेअर. जेवणाच्या हॉलपर्यंत चाळीस पावलं आहेत. इस्पितळातून आल्यावर खुर्ची सुरू झाली. फाइलमध्ये नोंद होती, 'दोन आठवडे, तात्पुरती.' अक्षर माझं होतं. खुर्चीने दोन मिनिटांत पोचवता येतं, चालवत नेलं तर दहा लागतात, आणि अठरा जणांमागे मावशी दोनच. कुणी हयगय केली असं नाही. पण रोजची ती ऐंशी पावलं आम्हीच त्यांच्याकडून काढून घेतली होती.

त्याच दुपारी डॉक्टरांशी बोलले. झोपेची गोळी एकदम बंद करता येत नाही, हळूहळू कमी करायचं ठरलं. लघवीचं औषध बदलायचं, दंतवैद्यांना बोलवायचं, ताटातली प्रथिनं वाढवायची. माझ्या वाट्याला पाय आले. पायांनी वजन उचलायचा व्यायाम म्हटलं की सहकारी आजही दचकतात. पण १९९० मध्येच नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून तो आठ आठवडे करून घेतला होता, आणि तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. आजींना मी अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दिली. त्या दिवशी हॉलकडे वीस पावलं चालल्या, मधे एकदा बसल्या. खुर्ची मावशी मागून आणत होत्या.

संध्याकाळी ड्युटी संपल्यावर रजिस्टर परत घेऊन बसले आणि चाळीसही नावांचे आकडे उभे लावले. पाच टक्क्यांहून जास्त उतरलेले अकरा निघाले. अकरावं नाव लिहिताना थांबले. जिना चढणारे आजोबा. ६२ वरून ५८.

दुसऱ्या दिवशी आधी वरच्या मजल्यावर गेले.