डब्लिन कॅसलला आलेले अर्ज

डब्लिन कॅसल म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश सरकारचं मुख्य ठाणं. तिथल्या चीफ सेक्रेटरीच्या, म्हणजे कारभार बघणाऱ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात 1818 पासून आलेली पत्रं नंबर टाकून नोंदवली जायची, ती आज आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. 1922 मध्ये डब्लिनच्याच फोर कोर्ट्स या कोर्टांच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळून खाक झालं, पण हे कागद कॅसलमध्येच होते म्हणून वाचले, केवढं नशीब!

मला सगळ्यात जास्त हलवून सोडतात ते कैद्यांचे आणि त्यांच्या बायकांचे अर्ज. 1822 च्या इन्सरेक्शन ॲक्टखाली, म्हणजे बंडाळी दडपायच्या कायद्याखाली, तो लागू केलेल्या भागात रात्री घराबाहेर सापडलं तरी ज्युरीशिवाय 7 वर्षं काळं पाणी होऊ शकायचं, म्हणजे थेट ऑस्ट्रेलिया, आणि मागे राहिलेली बाई लॉर्ड लेफ्टनंटला, म्हणजे आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीला लिहायची की नवऱ्याला सोडा, नाहीतर मला नि पोरांना तरी तिकडे फुकट पाठवा. बऱ्याच जणींना लिहिता यायचं नाही, मग दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं आणि खाली नुसती फुली. अर्ज आला की साहेब लोक जज्जकडून नाहीतर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून रिपोर्ट मागवायचे, म्हणजे ज्यांनी शिक्षा दिली त्यांचंच मत! मग बऱ्याचदा कागदावर एका ओळीचा शेरा, कायदा आपलं काम करेल. तरी काहींची शिक्षा कमी झाली, आणि काही बायका-मुलं सरकारी खर्चाने सिडनीला पोचलीसुद्धा.